वर्ल्ड यूथ चेसमध्ये आपली मुलं खेळतायत, फॉलो कसं करायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वर्ल्ड यूथ, वर्ल्ड कॅडेट, वर्ल्ड ज्युनियर, हे सगळं एकच का?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. ८, १० आणि १२ वर्षांखालच्यांची ती वर्ल्ड कॅडेट. १४, १६ आणि १८ वर्षांखालच्यांची ती वर्ल्ड यूथ. २० वर्षांखालच्यांची वर्ल्ड ज्युनियर, ती पूर्ण वेगळी आणि सगळ्यात जुनी, जी आनंदने १९८७ मध्ये जिंकली होती. आधी ८ ते १८ सगळे गट एकाच ठिकाणी एकत्र व्हायचे, मुलांची संख्या इतकी वाढली की वेगळे केले, म्हणून जुन्या बातम्यांमध्ये ८ वर्षांखालचा पोरगासुद्धा "वर्ल्ड यूथ चॅम्पियन" असं वाचायला मिळतं, ते चूक नाहीये. त्यात आता जॉर्जियातल्या बाटुमीला ८, १०, १२ वर्षांखालच्यांचा फिडे (म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ) वर्ल्ड कपही होतो. म्हणजे बातमीत "जागतिक स्पर्धेत पदक" वाचलं की आधी कुठली स्पर्धा आणि कुठला गट ते बघा, मग पुढचं.

प्रत्येक वयात दोन गट असतात, ओपन आणि मुली. ओपन म्हणजे फक्त मुलगे नव्हे, मुलीही त्यात खेळू शकतात.

१२ वर्षांखालील म्हणजे नक्की किती वय? तो मुलगा तर १२ पूर्ण झालाय!

बरोबर आहे, तरी तो चालतो. वय त्या वर्षीच्या १ जानेवारीला मोजतात. २०२६ च्या १२ वर्षांखालच्या गटात १ जानेवारी २०१४ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं खेळतात, म्हणजे जानेवारी २०१४ वाला स्पर्धेच्या वेळी साडेबारा वर्षांचा असतो आणि डिसेंबर २०१५ वाला जेमतेम साडेदहाचा, आणि दोघं एकाच पटावर समोरासमोर येतात. या वयात दोन वर्षं म्हणजे खूप झाली. १० वर्षांखालच्या गटात तर पायही जमिनीला न टेकणारं पोर आणि त्याच्यापेक्षा वीतभर उंच पोर असं चित्र सर्रास दिसतं. त्यामुळे आपलं पोर गटात पहिल्या वर्षाचं आहे की शेवटच्या वर्षाचं हे माहीत असलं की निकाल वाचायची नजरच बदलते, पहिल्या वर्षी ११ पैकी ६ गुण करणारा पुढच्या वर्षी त्याच गटात पदकासाठी खेळताना दिसू शकतो.

आपल्याकडून एकेका गटात इतकी मुलं कशी जातात? सगळी सिलेक्ट झालेली असतात का?

आपल्याकडे निवड राष्ट्रीय वयोगट स्पर्धांमधून होते आणि त्या विषम वयाच्या असतात, ७, ९, ११, १३, १५, १७ असं. कारण सोपं आहे, यंदा ११ वर्षांखालच्या नॅशनलमध्ये वर आलेला मुलगा पुढच्या वर्षी १२ वर्षांखालच्या वर्ल्डला जातो. वरच्या नंबरांना अधिकृत एंट्री मिळते, आणि प्रत्येक देशाच्या प्रत्येक गटातल्या एका अधिकृत खेळाडूचा राहण्या-जेवणाचा खर्च स्पर्धेचे आयोजक उचलतात. बाकीची मुलं महासंघामार्फतच पण स्वतःच्या खर्चाने जातात. प्रवास, हॉटेल, एंट्री फी, सोबत जाणारे आई किंवा बाबा, कोच असेल तर त्याचंही. मध्यमवर्गीय घरासाठी ही रक्कम डोळे पांढरे करणारी असते, कुणी एफडी मोडतं, कुणी सोन्यावर कर्ज काढतं.

म्हणून यादीत मुलाच्या नावापुढे मोठा सीडिंग नंबर (म्हणजे ताकदीच्या क्रमात बराच खालचा) दिसला की "हा कशाला गेला" असं कुणी लिहू नका प्लीज. तो गेलाय कारण घरच्यांनी त्याच्यासाठी काहीतरी मोडलंय. आणि तोही पटावर तितकाच भारताचा असतो.

रिझल्ट कुठे बघायचे?

चेस-रिझल्ट्स डॉट कॉम. दिसायला जुनाट आहे पण जगातली जवळपास प्रत्येक स्पर्धा तिथे मिळते. यजमान देश निवडून किंवा स्पर्धेचं नाव टाकून शोधा, प्रत्येक गट वेगळी स्पर्धा म्हणून येतो. कॅडेटचे सहा गट, यूथचे सहा गट, मी सगळे सहाच्या सहा टॅब उघडून ठेवते आणि मोबाईलवर बुकमार्क करते, दर वेळी शोधत बसायला नको.

आत गेल्यावर देशाप्रमाणे बघायची सोय असते, तिथे भारत निवडला की फक्त आपली मुलं, त्यांचे आत्तापर्यंतचे सगळे निकाल आणि पुढच्या फेरीची जोडी एकाच पानावर दिसते. मुलाच्या नावावर क्लिक केलं तर त्याचं अख्खं कार्ड येतं, कुणाशी खेळला, पांढरी होती की काळी, समोरच्याचं रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा अधिकृत आकडा) किती, आणि यातून आपलं रेटिंग किती वाढतंय ते सगळं. सगळ्यात जास्त वेळ या कार्डावर घालवा, गुणतक्त्यावर नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, निकाल हळूहळू चढतात आणि कधीकधी चुकीचेही चढतात. एकदा आमच्या ओळखीतल्या मुलीच्या नावापुढे शून्य दिसलं, घरी आजीने जेवायचं ताट बाजूला सारलं, आणि तासाभराने ते एक झालं, पंचांकडून नोंदवताना उलटं झालं होतं. फेरीचे सगळे निकाल येऊन पुढच्या फेरीच्या जोड्या लागेपर्यंत पक्कं मानू नका.

मग डाव लाइव्ह का दिसत नाही? वेबसाइटवर तर ब्रॉडकास्ट आहे लिहिलंय

ब्रॉडकास्टसाठी इलेक्ट्रॉनिक पट लागतात, ज्यात चाल केली की आपोआप नोंद होते. ते प्रत्येक गटात वरच्या काही टेबलांवरच असतात. म्हणजे आपलं पोर टेबल ३ वर असेल तर लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर वगैरे चाल-न्-चाल बघायला मिळेल, टेबल ४० वर असेल तर फक्त निकाल. म्हणूनच पालक म्हणतात ना, "आज लाइव्ह बोर्डवर आहे", त्यांच्यासाठी ती केवढी मोठी बातमी असते, सगळे नातेवाईक एकदम जोडले जातात.

आणि जे दिसतं तेही बऱ्याचदा काही मिनिटं उशिरा सोडतात, बाहेरून कुणी मदत करू नये म्हणून. त्यामुळे स्क्रीनवर विचार चालू असतो आणि तिकडे डाव संपून मुलगा बाहेर आलेला असतो असंही होतं.

आपल्याकडे किती वाजता सुरू होतं ते कसं काढायचं?

वेळापत्रकात स्थानिक वेळ असते, त्यात फरक मिळवायचा. बाटुमीला आपल्यापेक्षा दीड तास मागे, अल्माटीला अर्धाच तास मागे, इटलीला नोव्हेंबरमध्ये साडेचार तास मागे. खरी परीक्षा ब्राझीलची. २०२४ ची वर्ल्ड यूथ फ्लोरिआनोपोलिसला होती, तिथे साडेआठ तासांचा फरक, दुपारी तीनची फेरी आपल्याकडे रात्री साडेअकराला. डाव साडेचार-पाच तास चालला की पहाट झालीच. रोज जागणं जमत नाही, मी सकाळी उठून आधी चालींची फाइल उतरवते आणि निकाल न बघता डाव खेळत जाते. शेवटपर्यंत धाकधूक राहते, आणि निकाल आधी बघून डाव बघण्यापेक्षा हे कितीतरी छान.

पहिल्या फेरीत आपल्या मुलासमोर ५०० पॉइंट कमीचा खेळाडू आला, दुसऱ्याला एकदम टॉपचा. हे फेअर आहे का?

हो, स्विस लीग अशीच चालते. सगळ्यांना रेटिंगप्रमाणे नंबर देतात, मग वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी. १६० मुलं असतील तर १ नंबर खेळणार ८१ नंबरशी, २ नंबर ८२ शी. पुढच्या फेरीत जिंकलेले जिंकलेल्यांशी, हरलेले हरलेल्यांशी, दर फेरीला समान गुणवाले एकमेकांशी. कुणी बाद होत नाही, साधारण ११ फेऱ्या सगळे खेळतात.

त्यामुळे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांवरून काही ठरवू नका. ३ पैकी ३ झाले की आपल्याकडे लगेच "भारताची घोडदौड" सुरू होते, पण खरी स्पर्धा पाचव्या-सहाव्या फेरीपासून असते, जेव्हा वरची मुलं एकमेकांत भिडतात. तिथून पुढचा प्रत्येक अर्धा गुण घाम काढून मिळतो.

भारताच्याच दोन मुलांना एकमेकांशी का खेळवतात?

कारण गुण सारखे झाले की देश बघत नाहीत. आणि आपली मुलं इतकी असतात आणि इतकी चांगली खेळतात की वरच्या टेबलांवर हे होणारच. बघणाऱ्याला वाईट वाटतं खरं, दोघं एकाच विमानाने गेलेली, काल रात्री एकाच टेबलावर जेवलेली, दोघांच्या आया लॉबीत शेजारी शेजारी बसलेल्या. पण मुलं पटावर बसली की खेळतात, त्यांना नॅशनलमध्ये याची सवय झालेली असते. अशा दिवशी ग्रुपवर एकाच्याच नावाने "ऑल द बेस्ट" टाकू नका, एवढं भान ठेवलं तरी खूप.

रेटिंग १६०० वाल्याने २००० वाल्याशी बरोबरी केली, यात इतकं नाचण्यासारखं काय आहे?

नाचण्यासारखं आहे! ४०० चा फरक असला की कमी रेटिंगवाल्याकडून १०० डावांत साधारण ८ गुणांची अपेक्षा असते, इतकं एकतर्फी गणित आहे ते. लहान मुलांसाठी के फॅक्टर, म्हणजे रेटिंग किती वेगाने बदलतं ते ठरवणारा आकडा, ४० असतो (१८ वर्षांपर्यंत, रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत), म्हणजे त्या एका बरोबरीचे जवळपास १७ पॉइंट आणि जिंकला तर जवळपास ३७. हरला तर जातात फक्त तीनेक.

पण मुलांचं रेटिंग हे कालचं असतं. पोर तीन महिन्यांत कुठल्या कुठे जातं, आकडा मागे राहतो. ज्या देशांत रेटिंगच्या स्पर्धा कमी होतात तिथली मुलं तर फारच फसवी, १५०० दिसतं आणि खेळ १९०० चा. म्हणून "आपला हरला, समोर तर कुणीच नव्हता" हे वाक्य वयोगटाच्या स्पर्धेत कधीच खरं नसतं.

दोघांचे गुण सारखे, मग सुवर्ण त्यालाच का?

टायब्रेक. बहुतेक वेळा बुखोल्झ बघतात, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांचे स्पर्धेतले गुण मिळवायचे. त्यातला एक प्रकार असा की सगळ्यात कमी गुणवाला प्रतिस्पर्धी वगळायचा. ज्याचे प्रतिस्पर्धी तगडे, तो वर. पहिल्याच फेरीत हरून नंतर ओळीने जिंकत आलेल्याचं बुखोल्झ सहसा कमी राहतं कारण मधल्या फेऱ्या त्याला खालच्या मुलांशी मिळालेल्या असतात. आणि शेवटच्या फेरीत तुमचा डाव संपल्यावर तुम्ही आधी ज्यांना हरवलंय ती मुलं जिंकावीत म्हणून बघत बसावं लागतं, फार जीव टांगणीला लागतो.

२००२ मध्ये हेराक्लिओनला १२ वर्षांखालच्या गटात नेपोम्निशी आणि कार्लसन सारख्या गुणांवर होते, टायब्रेकवर नेपोम्निशी पहिला आणि कार्लसन दुसरा. १९ वर्षांनी दुबईत तेच दोघं जगज्जेतेपदासाठी समोरासमोर बसले आणि कार्लसन जिंकला. आपल्या पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने २००९ ची वर्ल्ड ज्युनियर मुलींची स्पर्धा टायब्रेकवरच जिंकली होती, अर्जेंटिनात. तेव्हा टायब्रेकने गेलं म्हणून अन्याय झाला असं नसतं, नियम सगळ्यांना आधीपासून माहीत असतात, पण वाईट वाटायचं ते वाटतंच.

इंजिन प्लस तीन दाखवत होतं, तरी हरला! असं कसं?

इंजिनचा बार, म्हणजे कोण किती पुढे आहे ते दाखवणारी कॉम्प्युटरची पट्टी, बंद करा, खरंच सांगते (प्लस तीन म्हणजे पांढरा जिंकल्यातच जमा). मुलांच्या डावात तो बार झोपाळ्यासारखा हलतो. चौथा तास, घड्याळात मिनिटभर, प्रत्येक चालीला मिळणारे ३० सेकंद, समोरचा टक लावून बघतोय, अशात दहा वर्षांच्या पोराला प्लस तीन दिसत नसतं, त्याला फक्त मोहरी दिसतात.

एक डाव सांगते. १२ वर्षांखालच्या मुली, टेबल बरंच खालचं, चालींची फाइल नंतर मिळाली म्हणून बघता आला. आपली मुलगी काळ्याकडून, साडेचार तास झालेले, दोघींकडे एकेक हत्ती, आणि समोरचीकडे उंटाच्या पट्टीतलं एक प्यादं जास्त. इथे एकच नीट मार्ग असतो, तुमचा राजा प्याद्यासमोर आणि हत्ती पांढऱ्याच्या सहाव्या रांगेवर धरून ठेवायचा, समोरच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही. ती तेच करत राहिली, हत्ती डावीकडे, हत्ती उजवीकडे, त्याच रांगेत, वीसेक चाली. हात शिवशिवतात अशा वेळी, काहीतरी करावंसं वाटतं. शेवटी समोरचीने कंटाळून प्यादं सहाव्या रांगेत ढकललं आणि त्याच क्षणी हिचा हत्ती सरळ खाली पहिल्या रांगेत गेला आणि मागून शह सुरू. आता राजाला प्याद्यामागे लपायला जागाच नाही. बरोबरी.

चेस-रिझल्ट्सवर त्याचा फक्त अर्धा गुण दिसतो. त्या दिवशी पदकाच्या टेबलांवर काय झालं ते मी विसरले, हा हत्ती अजून डोळ्यासमोर आहे. कुणीतरी तिला हा शेवट शिकवलाय, तिने तो शंभरदा केलाय, आणि परदेशात थकलेल्या डोक्याने तो तिला आठवला. मला विचाराल तर मुलांना फॉलो करायचं ते यासाठी.

मला बुद्धिबळ फारसं येत नाही, मग काय बघू?

मोहरी कशी चालतात एवढं येतं ना, बास. घड्याळ बघा, कुठल्या चालीवर पोर २० मिनिटं थांबलं ते बघा आणि तिथे थांबून स्वतः विचार करा की आपण काय खेळलो असतो. ४० चालींसाठी दीड तास, नंतर अर्धा तास आणि चालीमागे ३० सेकंद, साधारण अशी वेळ असते. तिसावी चाल ओलांडली आणि घड्याळात पाच मिनिटं उरलीत असं दिसलं की समजा आता खरं नाट्य. आणि हरलेले डावही बघा, त्यात जास्त शिकायला मिळतं.

पोर हरलं की त्याच्या आई-बाबांना मेसेज करावा का?

फेरी चालू असताना तर अजिबात नको. पालकांना हॉलमध्ये बसू देत नाहीत, फारतर सुरुवातीची काही मिनिटं फोटोपुरती, मग बाहेर. २०१९ ला वर्ल्ड यूथ मुंबईत पवईला झाली, प्रज्ञानंदने १८ वर्षांखालची जिंकली ती, तेव्हा तिथे बाहेर थांबलेले पालक बघितले होते. दार उघडलं की सगळ्या माना एकदम वळायच्या. पोराच्या चालण्यावरून आयांना निकाल कळायचा, तोंड उघडायच्या आधी. एक मुलगी बाहेर आली, चालींचा कागद घडी घालून घालून अगदी तिकिटाएवढा केलेला, आईने काहीच विचारलं नाही, हातात डबा दिला. दोघी बाजूला जाऊन बसल्या. अशा वेळी त्या आईच्या फोनवर "काय झालं गं? कशी हरली?" असे पंधरा मेसेज वाजत असतील तर कसं वाटेल याचा विचार करा.

करायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी करा, "आजच्या डावाला शुभेच्छा" एवढाच. डावाचं विश्लेषण पाठवू नका. इंजिनने दाखवलेली चूक त्यांच्या कोचने आधीच बघितलेली असते. आणि हरलेल्या मुलाचा फोटो, रडका चेहरा, कुठेही टाकू नका. ते लहान मूल आहे.

पदक मिळालं म्हणजे पुढे ग्रँडमास्टर नक्की ना?

नक्की काहीच नसतं, पण नावं बघितली की आशा वाटते. नागपूरची दिव्या देशमुख २०१४ ला डर्बनमध्ये १० वर्षांखालच्या मुलींत जिंकली, २०१७ ला ब्राझीलमध्ये १२ वर्षांखालच्यांत, मग २०२४ ला गांधीनगरला वर्ल्ड ज्युनियर, आणि २०२५ ला बाटुमीत महिला विश्वचषक, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून, आणि तिथेच ग्रँडमास्टर किताब, भारताची ८८ वी. त्याच डर्बनला १० वर्षांखालच्या ओपनमध्ये निहाल सरिन जिंकला होता. नाशिकचा विदित गुजराथी २००८ ला १४ वर्षांखालचा विजेता. गुकेश २०१८ ला स्पेनमध्ये १२ वर्षांखालचा, आणि सहा वर्षांनी सिंगापूरमध्ये जगज्जेता.

पण या प्रत्येक वर्षी त्याच गटात दुसरी-तिसरी आलेली मुलंही होती, त्यातली काही आज डॉक्टर-इंजिनियर होण्याच्या मार्गावर असतील, काहींनी खेळ सोडलाही असेल, आणि त्यांचं ते पदक तेवढंच खरं आहे. दहा वर्षांच्या पोराला "पुढचा गुकेश" म्हणणं मला आवडत नाही. त्याला त्याच्या नावाने हाक मारा.

स्पर्धा संपल्यावर काय बघायचं?

फिडेची रेटिंग यादी दर महिन्याच्या १ तारखेला येते, वर्ल्डला गेलेल्या मुलांचे नवे आकडे त्यात दिसतात. एखाद्याचे शंभरएक पॉइंट वाढलेले असतात आणि गुणतक्त्यात तो साठावा असतो, अशी नावं वहीत लिहून ठेवा. डावांच्या फाइलीही बहुतेक वेळा चेस-रिझल्ट्सवर मिळतात, फेरीप्रमाणे उतरवून ठेवा. आणि मग पुढची नॅशनल कधी आहे ते बघा, बहुतेक मुलं घरी येऊन बुडलेल्या शाळेचा अभ्यास भरून काढत काढत तिचीच तयारी करत असतात.